पोट्टेहो, तो पहाड नव्हे

घुग्घुसच्या रस्त्याला लागलं की डाव्या-उजव्या हाताला सपाट माथ्याचं, उभ्या कडांचं उंच उंच काही दिसतं ना, त्याला गुड्डू परवा पहाड म्हणाला. मी म्हटलं, बाप्पा, त्या पहाडाचं वय तुझ्या बापापेक्षा कमी आहे. तर हा फिदीफिदी हसला. त्याला वाटलं, आबाजी फेकतात.

तर बसा इथे. आणि चिमे, तू झारी भरून आण, थोड्या वेळाने लागेल.

मी खदानीत सर्व्हेअर होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. जमिनीची उंची मोजायची आणि कागदावर रेघा ओढायच्या, हे आमचं काम. एकाच उंचीवरच्या जागा जोडणाऱ्या रेघेला कंटूर म्हणतात. खऱ्या पहाडाचे कंटूर माणसाच्या आयुष्यात हलत नाहीत. या ढिगाऱ्यांचे मात्र दर मोजणीला वर चढलेले असायचे. खदानीत त्याला कुणी पहाड म्हणतही नाही, ‘ओबी’ म्हणतात. कोळशाच्या वरचं जे जे काही उचलून बाजूला टाकावं लागतं ते सगळं ओबी.

काय काय असतं त्यात? गुड्डू, वावरातली विहीर खोदताना तू पाहिली आहेस. वर आपली काळी, मग पिवळी माती, मग मुरूम. विहीर तिथेच थांबली. खदान आणखी खाली जाते. वाळूचा दगड लागतो, पापुद्र्यांनी सुटणारा राखाडी शेल लागतो आणि त्याच्याखाली कोळसा. हा कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं. तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळे एकाच थोरल्या भूखंडात होते. त्या भूखंडाला शास्त्रज्ञ गोंडवाना म्हणतात, आणि हे नाव त्यांनी आपल्या गोंडांच्या मुलखावरूनच उचललं आहे. चंद्रपूरच्या माणसाने ही गोष्ट मुद्दाम सांगावी.

खुल्या खदानीत हे सगळं उलटं होतं. जी काळी सगळ्यात वर होती ती आधी उचलली जाते, म्हणून नीट वेगळी ठेवली नाही तर ढिगाऱ्याच्या तळाशी गाडली जाते. तळाचा शेल, ज्याने कोट्यवधी वर्षं ऊन पाहिलं नाही, तो माथ्यावर येऊन बसतो. शिवाय आणखी एक गंमत होते. जागेवरचा दगड घट्ट बसलेला असतो. सुरुंगाने फोडला की तुकड्यांमध्ये फटी राहतात. जिनिंगमधली दाबलेली गाठ सोडली की कापूस फुलतो ना, तसा दगडही फुलतो. शंभर घमेल्यांच्या जागेतून सव्वाशेच्या आसपास घमेली माल निघतो. दगड कोणता, यावर थोडं कमीजास्त.

“मग खड्ड्यात मावणारच नाही!” चिमी म्हणाली.

बरोब्बर. पण खड्ड्यातून कोळसाही गेलेला असतो, तो वजा कर. कोळशाचा थर पातळ आणि वरचा दगड जाड असेल तर भरलेली जमीन पूर्वीपेक्षा उंच होते. थर जाड असेल तर सगळं परत टाकूनही खड्डा उरतो. त्यातून पहिला चर खोदताना मागे रिकामी जागाच नसते, म्हणून तो माल बाहेर टाकावा लागतो आणि घुग्घुसचा पहाड उभा राहतो. तात्पर्य काय, जमीन होती तशी तंतोतंत परत करता येत नाही. आणि तशी करता येत नसेल, तर नवी कोणत्या आकाराची करायची, ही आजची गोष्ट.

खदान येण्याआधी त्या जागेवर काय होतं? वावरं, धुरे, बाभळी आणि नाले. यातले धुरे माणसाने घातले. नाले कुणी आखले?

“पावसाने,” गुड्डू म्हणाला.

पावसाने. पण पाऊस मनाला येईल तसं आखत नाही. अमेरिकेत रॉबर्ट हॉर्टन नावाचा एक इंजिनिअर होता. १९४५ साली त्याने नदीनाल्यांच्या जाळ्याचे नियम मांडले. ज्याला दुसरा कोणताही ओहोळ येऊन मिळत नाही तो सगळ्यात धाकटा. असे धाकटे मिळाले की त्याच्या वरचा तयार होतो, तसले मिळाले की आणखी वरचा. मोजून पाहिलं तर वरच्या दर्जाच्या एका नाल्यामागे खालच्या दर्जाचे साधारण तीन ते पाच निघतात. हा तीन-ते-पाचचा हिशेब वऱ्हाडात जुळतो आणि अमेरिकेतही जुळतो. एका चौरस किलोमीटरमध्ये एकंदर किती लांबीचे नाले असावेत, हे मात्र जागेजागेचं वेगळं. खडक कसा, माती पाणी किती पिते, झाडोरा किती, सर किती जोराची, यावर ते ठरतं. पाणी न पिणाऱ्या उघड्या जमिनीवर नाल्यांचं जाळं दाट असतं.

दुसरा नियम उताराचा. नाला उगमाशी उभा आणि खाली येता येता सपाट होत जातो. का? तर खाली येईपर्यंत त्यात पाणी वाढलेलं असतं, आणि पाणी जास्त झालं की तोच गाळ वाहून न्यायला कमी उतार पुरतो. बाजूने पाहिलं तर नाल्याचा तळ सरळ फळीसारखा कधीच दिसत नाही, तो पोटात आत गेलेला असतो.

आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी. सपाटीला आला की नाला वळणं घेतो. ही वळणंसुद्धा मापाची असतात. एका वळणापासून पुढच्या तशाच वळणापर्यंतचं अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण दहा-बारा पट भरतं. ल्यूना लिओपोल्ड आणि गॉर्डन वोल्मन या दोघांनी १९६० च्या सुमारास हे दाखवून दिलं. वावरातून जाणारा दोन हात रुंदीचा ओहोळ असो की मोठी नदी असो, पट तेवढाच. पाणी वाकडं जातं म्हणून माणसं त्याला वेडंवाकडं म्हणतात. त्या वाकडेपणात एवढा हिशेब आहे, पोट्टेहो!

आली झारी? आता गंमत पाहा. तिकडे बांधकामाचा मुरूम उरला आहे. गुड्डू, त्याचा गुडघाभर ढीग कर आणि फळीने चारी बाजू सरळ घासून काढ. छान. अगदी सुबक दिसतो आहे. आता चिमे, वरून झारी धर. सावकाश.

पहिलं पाणी मुरूम पिऊन टाकतो. मग वरचे कण बसतात, पापडी धरते आणि पाणी चमकायला लागतं. आता बघा, वरच्या भागात काहीच झालेलं नाही. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मात्र बारीक ओघळी पडल्या. वरून आलेलं सगळं पाणी तिथे जमा झालं, आणि तिथला उतार मात्र वरच्याइतकाच उभा. नाल्याने तिथे उतार कमी केला असता. आपण केला नाही, म्हणून पाणी स्वतः करायला निघालं. ती मधली ओघळ पाहा, तिचं तोंड वर वर सरकतं आहे. ती खालून वर खात जाते. शेजारची तिला येऊन मिळाली, आता ती रुंद झाली. आणि पायथ्याशी गाळाचा पंखा पसरला. ढीग खरा असता तर हा गाळ कुणाच्या तरी वावरात नाहीतर नाल्यात गेला असता.

“आबाजी, पायऱ्या करू का? म्हणजे पाणी थांबेल,” चिमी म्हणाली.

कर. तुझ्यासारखाच विचार जगातल्या बहुतेक इंजिनिअरांनी केला. कर पायऱ्या.

घाल पाणी. थांबलं ना? प्रत्येक पायरीवर तळं साचलं. पण पायरी कितीही काळजीने केली तरी एक जागा केसभर खाली राहतेच, आणि खाली भरलेला माल दबतो तशी ती आणखी खाली जाते. पाणी ती जागा शोधतं. ती बघ! फुटली. आता एका पायरीचं सगळं पाणी एकाच ठिकाणाहून पडलं, खालची पायरी फोडली, तिचंही पाणी घेतलं आणि पायथ्यापर्यंत घळ गेली. मघाच्या ओघळींपेक्षा किती खोल आहे, बोट घालून बघ. पायऱ्यांनी पाणी अडतं हे खरं. पण अडलेलं पाणी कुठून सोडायचं हे ठरवलं नाही तर ते आपलं आपण ठरवतं.

आता मी करतो. माथा गोल केला, काठ राहू दिला नाही. एका सलग बाजूऐवजी मध्ये लवण केलं आणि दोन्हीकडे लहान-लहान सोंडा सोडल्या. दोन सोंडांमध्ये धाकटे ओहोळ. मधला नाला वर उभा, खाली चपटा, आणि शेवटी दोन वळणं. घाल आता तेवढंच पाणी. बघा, पाणी वाहतं आहेच, थोडा गढूळपणाही आहे, पण फाटत कुठे नाही. मुरूम तोच, झारी तीच.

ही अंगणातली गोष्ट माणसाला कळायला फार किंमत पडली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचं कोळशाचं राज्य आहे. तिथे बफेलो क्रीकच्या खोऱ्यात खाणीतल्या टाकाऊ मालाचाच बांध घालून काळं गाळपाणी अडवलं होतं. २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी तो बांध फुटला. १२५ माणसं गेली, चार हजारांच्या आसपास बेघर झाली. डोंगरउतारावर लोटून दिलेली माती, उघडे कडे आणि गाळाने भरलेले ओढे यांच्याविरुद्ध तिथली गावं आधीपासून ओरडत होतीच. अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. जमिनीला जवळपास मूळचा आकार परत द्या, उभा कडा सोडू नका, वरची माती वेगळी काढून पुन्हा वर पसरा, पाण्याची घडी विस्कटू देऊ नका. आणि हे करालच म्हणून आधी अनामत ठेवा, असा तो कायदा.

कायदा चांगला होता. पण माणसाची हौस बघा. आकार परत द्यायचा म्हटल्यावर त्यांनी गुड्डूसारखा सरळ उतार घासला, चिमीसारख्या पायऱ्या केल्या आणि पाणी उतरवायला दगडांनी बांधलेल्या सरळ नाळी काढल्या. मग दरवर्षी फुटलेल्या पायऱ्या नि उखडलेल्या नाळी दुरुस्त करत बसले. शिवाय जमीन गुळगुळीत दिसावी म्हणून डोझर इतक्या वेळा फिरवला की माती घट्ट होऊन बसली. पाऊस मुरेना, गवत उगवलं पण झाडांची मुळं आत जाईनात. पुढे जंगलवाल्यांनी उलट सांगायला सुरुवात केली: वरची निदान चार फूट माती भुसभुशीत ठेवा, डोझर एक-दोन फेऱ्यांत आवरा, खडबडीत दिसली तर दिसू द्या. नीटनेटकेपणाची आवड साहेब लोकांना फार असते. मीही तपासणीच्या आदल्या दिवशी ढिगाऱ्याच्या कडा सरळ करून घेतलेल्या पाहिल्या आहेत. फोटो छान येतो, दुसरं काही होत नाही.

मग न्यू मेक्सिको राज्यात, ला प्लाटा नावाच्या खाणीवर, निकोलस ब्युगॉश या माणसाने वेगळी वाट धरली. तो मुलूख कोरडा. वर्षाचा पाऊस आपल्या चंद्रपूरच्या पावसाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे वीज कडाडून सर कोसळते, आणि तिथली माणसंही त्याला मान्सूनच म्हणतात. ब्युगॉशने शेजारची न खोदलेली जमीन मोजली. नाले किती दाट आहेत, धाकटे ओहोळ माथ्यापासून किती अंतरावर सुरू होतात, उतार कसा कमी होत जातो, वळणं केवढी. ती मापं संगणकाला दिली आणि भरलेल्या खाणीवर तसलंच खोरं आखून घेतलं. उपग्रहावरून जागा कळणारी यंत्रं डोझरवर बसवली, म्हणजे ड्रायव्हरला पडद्यावर दिसतं, इथे इतकं खरवड, तिथे इतकं टाक. दगडी नाळी नाहीत, पायऱ्या नाहीत. या रीतीला जिओफ्लूव्ह म्हणतात, आणि आता ती स्पेनसारख्या देशांतही वापरतात. कागदावर महाग वाटते. पण माल कुठेतरी टाकायचाच असतो. तो पहिल्यांदाच योग्य जागी टाकला तर दोनदा उचलावा लागत नाही.

“आपल्याकडे का नाही करत?”

आपल्याकडचा प्रश्न थोडा निराळा आहे, गुड्डू. वर्धेचं खोरं सपाट. इथे मूळचा आकार म्हणजे हलकासा उतार आणि संथ नाले. त्यावर आपण पन्नास-पन्नास मीटरचे ढिगारे उभे केले. शेजारी पाण्याने घडवलेला एवढा उंच उतारच नाही, की नमुना म्हणून मोजून घ्यावा. पाऊस बाराशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. काठाशी इरई, झरपट, वर्धा, पैनगंगा. ढिगारा नदीच्या पुराच्या पट्ट्यात आला तर दोन घोटाळे होतात. पुराला पसरायची जागा कमी पडते, आणि धुपलेला गाळ पात्रात बसून पात्र उथळ होतं. म्हणून इथे उपाय सुरू होतो तो खदान बंद झाल्यावर नाही, पहिला डंपर रिकामा होतो तेव्हा. बाहेरचा ढीग शक्य तितका लहान ठेवायचा, आणि पुढे खोदत जाताना मागचा खड्डा भरत जायचा.

सोय झाली आहे, नाही असं नाही. २००९ पासून कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. खदान सुरू असतानाच ती बंद कशी करणार याची योजना द्यावी लागते आणि त्यासाठीचे पैसे वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावे लागतात. नागपूरकडे भानेगाव-गोंडेगावला ओबीतला वाळूचा दगड दळून, धुऊन बांधकामाची वाळू काढतात. मला ही युक्ती फार आवडली. ढीग कमी होतो आणि तेवढी कन्हान नदी उपसायची वाचते.

पण दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं. एक काळी माती. ती वेगळी काढून ठेवली तरी उंच ढिगात वर्षानुवर्षं पडून राहिली की आतले जीव हवेवाचून मरतात. लवकरात लवकर पसरलेली बरी. दुसरी गोष्ट शेल. काही शेलमध्ये सोन्यासारखे पिवळे चमकणारे खडे असतात, तुम्ही मला आणून दाखवले होते ते. ते लोह आणि गंधकाचे. जमिनीखाली गप्प असतात. हवा आणि पाणी लागलं की त्यांचं गंधकाम्ल होतं आणि नाल्याचा तळ तांबूस-नारिंगी होतो. असला माल माथ्यावर ठेवायचा नाही, खोल पुरायचा, त्याच्यातून पाणी झिरपणार नाही असा.

“आणि विहिरी?” चिमीने विचारलं. तिच्या मामाच्या गावची विहीर आटली होती.

चालू खदानीतून पाणी सारखं उपसतात, म्हणून आजूबाजूची पाण्याची पातळी खाली जाते. खड्डा भरला, उपसा थांबला की पातळी परत वर यायला लागते. पण आता जमिनीखाली जुने थर राहिलेले नसतात. भुसभुशीत माल असतो, तो पाणी पटकन आत घेतो आणि हळूहळू भरत जातो. वर्षं लागतात. माल दबतो, वरची जमीन कुठे कुठे खचते, आणि एखाद्या पावसाळ्यात पायथ्याशी नवाच झरा फुटतो. नवी जमीन आखणाऱ्याने हे सगळं आधीच धरून उतार थोडा जास्त ठेवलेला असला पाहिजे. आज बरोबर दिसणारी पातळी दहा वर्षांनी खोलगट झालेली असते.

शेवटी खड्डा उरतो. आपल्याकडचे कोळशाचे थर जाड आहेत, त्यामुळे शेवटच्या चराचं तळं होतंच. तळं वाईट नाही. पण त्याचे काठ उभे कातरलेले ठेवले तर गुरं पडतात, पोरं पडतात. काठाची पहिली काही पावलं गुडघाभर पाण्यात चालत जाता येईल अशी हवीत. आणि तळं भरून वाहिलं तर कुठून वाहणार, ती जागा तळं भरायच्या आधी ठरलेली हवी.

“मग नाला जुन्या जागीच न्यायचा का?”

नाही जमत, गुड्डू. जुन्या जागची उंचीच राहिलेली नाही. दोनच जागा पक्क्या असतात: वरच्या गावातून नाला खदानीच्या हद्दीत शिरतो ती, आणि हद्दीबाहेर पडून नदीकडे जातो ती. तिथली उंची आपल्याला बदलता येत नाही. या दोन ठिकाणांच्या मधलं सगळं नव्याने आखायचं, वर उभं, खाली चपटं, आणि वळणं रुंदीच्या दहा-बारा पट. माझ्या पेटीत सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा आहे, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटरचा. खदान व्हायच्या आधीचा. घेऊन ये, पेन्सिल आणि दोराही आण. नाला वाकडा आहे, त्याची लांबी पट्टीने मोजता यायची नाही.